गावकारभार आणि ग्रामीण रस्ते: महाराष्ट्रातील नियोजनाचा आढावा

महाराष्ट्रातील रस्त्यांची एकूण लांबी तीन लाख किलोमीटरहून अधिक आहे आणि तिचा निम्म्याहून मोठा भाग 'इतर जिल्हा मार्ग' आणि 'ग्रामीण मार्ग' या खालच्या दोन वर्गांत मोडतो. शेतातला ऊस, डेअरीचे दूध, शाळेची मुले आणि रुग्णवाहिका यांची वाट याच रस्त्यांवरून सुरू होते, महामार्ग पुढे लागतो. तरीही या रस्त्यांची मागणी, आखणी, जमीन, पैसा आणि देखभाल या गोष्टी कुठल्याही एका कार्यालयाच्या हाती नाहीत. मागणी ग्रामसभेत होते, आराखडा जिल्हा परिषदेत तयार होतो, पैसा जिल्हा नियोजन समितीकडून किंवा राज्य-केंद्राच्या योजनेतून येतो आणि जमिनीची नोंद महसूल खात्याच्या दप्तरात असते. एखाद्या गावाला रस्ता का मिळाला किंवा का मिळाला नाही, याचे उत्तर बहुधा या कार्यालयांमधल्या जोडणीत सापडते.

रस्त्यांचे वर्ग आणि त्यांची मालकी

भारतातील रस्त्यांची वर्गवारी पाच पायऱ्यांची आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. कार्यालयीन टिपणांत शेवटच्या तिघांना प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा अशा आद्याक्षरांनी ओळखतात व प्रत्येकाला जिल्हानिहाय क्रमांक असतो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात.

या वर्गवारीखाली आणखी दोन प्रकार उरतात. गावठाणातील गल्ल्या आणि आळ्या, म्हणजे गावांतर्गत रस्ते, ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात. शिवारात जाणारे गाडीमार्ग, पाणंदी आणि बांधावरच्या वाटा महसुली नकाशावर दिसतात, पण बांधकाम खात्याच्या यादीत बहुधा नसतात. शेतकऱ्याचा रोजचा वावर याच वाटांवर असतो आणि सर्वाधिक भांडणेही याच वाटांवरून होतात.

वर्ग बदलला की धनीही बदलतो. रहदारी वाढली म्हणून ग्रामीण मार्ग 'दर्जोन्नत' होऊन प्रमुख जिल्हा मार्ग झाला, की तो जिल्हा परिषदेकडून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून रस्ता वरच्या वर्गात टाकून मोकळे व्हावे, अशी ओढ अनेक जिल्हा परिषदांना असते. दुसरीकडे, रस्ता आपल्या हातून गेला की त्यावरचा निधीही गेला, म्हणून दर्जोन्नतीला विरोध करणारे सदस्यही असतात. रहदारी मोजून ठरायला हवा असा हा निर्णय पुष्कळदा या दोन ओढींमध्ये ठरतो.

आखणीचा इतिहास

रस्त्यांच्या देशव्यापी विचाराची सुरुवात मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये नेमलेल्या समितीपासून धरली जाते. प्रांतिक सरकारे आणि स्थानिक मंडळांच्या ऐपतीबाहेर रस्त्यांचा खर्च गेला आहे, असा या समितीचा निष्कर्ष होता. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर अधिभार बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. 1934 मध्ये स्थापन झालेली भारतीय रस्ते परिषदही याच विचाराचे फळ होते. आज ग्रामीण रस्त्याची रुंदी, जाडी आणि उतार ठरवणारी मानके तीच संस्था प्रसिद्ध करते.

1943 मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तिच्यातून निघालेल्या 'नागपूर योजने'ने रस्त्यांची वर्गवारी पक्की केली आणि वीस वर्षांत दर 100 चौरस किलोमीटरला 16 किलोमीटर रस्ता हे लक्ष्य ठरवले. पुढच्या 'मुंबई योजने'ने 1961 ते 1981 या काळासाठी हे प्रमाण 32 किलोमीटरवर नेले आणि 1981 ते 2001 च्या 'लखनौ योजने'ने 82 किलोमीटरवर. महाराष्ट्रानेही 1961-81, 1981-2001 आणि 2001-21 असे वीस-वीस वर्षांचे रस्ते विकास आराखडे केले. रस्त्याला क्रमांक मिळतो तो याच आराखड्यातून. आराखड्यात नसलेल्या रस्त्यावर शासकीय पैसा खर्च करणे अवघड असल्याने, आराखड्याची उजळणी सुरू झाली की आमदारांपासून सरपंचांपर्यंत सर्वांची धावपळ होते.

या योजनांत गावांच्या जोडणीचा निकष हळूहळू खाली सरकत आला. पाचव्या पंचवार्षिक योजनेतील किमान गरजा कार्यक्रमाने 1,500 आणि त्याहून अधिक लोकवस्तीच्या गावांपासून सुरुवात केली. लखनौ योजनेने 500 लोकवस्तीपर्यंतच्या गावांचा विचार केला. त्याहून लहान वाड्या-वस्त्यांची पाळी एकविसाव्या शतकात आली.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक धागा महत्त्वाचा आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो अमलात आला. पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीबरोबर रस्त्यांचे मातीकाम हे या योजनेचे हुकमी काम होते. राज्यातील कित्येक खेड्यांचा पहिला रस्ता असा दुष्काळात, मजुरांच्या हातांनी तयार झाला. मात्र त्यांपैकी बरेच रस्ते मातीकाम आणि मुरुमापाशीच थांबले. मोऱ्या आणि खडीकरण यांना मजुरीबाहेरचा पैसा लागतो. तो वेळेवर आला नाही की दोन पावसाळ्यांत भराव वाहून जाई आणि पुढच्या टंचाईत तोच रस्ता पुन्हा कामाला लागे.

गावकारभाराची चौकट

ग्रामपंचायतीचा कारभार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतो. गावातील रस्ते, गटारे, बांध आणि पूल बांधणे व सुस्थितीत ठेवणे ही कामे या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने पंचायतीवर सोपवली आहेत. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे आणि अतिक्रमणे काढण्याचा अधिकार कलम 53 देते. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचा वेगळा कायदा 1961 चा आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर उभा राहिलेला हा कायदा 1 मे 1962 पासून लागू झाला. नाईक समितीने तीन पायऱ्यांपैकी जिल्हा परिषदेला सर्वात बळकट केले. रस्त्यांसाठी लागणारा अभियंता वर्ग जिल्ह्याच्या पातळीवरच उभा करता येतो, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण होते.

24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला. अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांपैकी तेरावा विषय रस्ते, मोऱ्या, पूल, नावा, जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधने असा आहे. राज्यात आज 34 जिल्हा परिषदा, 351 पंचायत समित्या आणि सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. विषय घटनेने दिला असला, तरी त्यासोबत माणसे आणि पैसा किती द्यायचा हे राज्य ठरवते. ग्रामपंचायतीकडे स्वतःचा अभियंता नसतो. अंदाजपत्रक करायचे असो वा झालेले काम मोजायचे असो, तिला पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाखा अभियंत्याची वाट पाहावी लागते.

गावपातळीवर रस्त्याचा विषय दोन सभांमधून जातो. पहिली सदस्यांची मासिक सभा: तिच्यात किरकोळ दुरुस्ती, ठेकेदाराचे देयक, अतिक्रमणाची नोटीस असे विषय येतात. दुसरी ग्रामसभा: तिच्यात सर्व मतदारांना बोलण्याचा हक्क आहे. वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी गणपूर्ती लागते, आणि तहकूब सभांची संख्या पाहता ती नेहमी होतेच असे नाही. नव्या रस्त्याची मागणी, त्यासाठी जमीन देण्याची तयारी आणि कामांचा प्राधान्यक्रम हे ग्रामसभेचे विषय आहेत. 2015-16 पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात प्रत्येक ग्रामपंचायतीला वार्षिक विकास आराखडा करावा लागतो. वित्त आयोगाचा निधी याच आराखड्यातील कामांवर खर्च होतो.

कारभाराचा कमी दिसणारा पण मोलाचा भाग म्हणजे नोंदवह्या. ग्रामपंचायतीच्या विहित नमुन्यांपैकी नमुना 23 ही तिच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही आहे. रस्त्याचे नाव, कोठून कोठपर्यंत, लांबी, रुंदी आणि केलेला खर्च असा तपशील तिच्यात असावा लागतो. ही वही नीट भरलेली असेल तर एकाच रस्त्यावर दोन योजनांतून काम दाखवता येत नाही आणि अतिक्रमणाच्या तक्रारीत रस्त्याची मूळ रुंदी सिद्ध करता येते. ती कोरी असेल तर दोन्ही बाबतींत गावाची बाजू लंगडी पडते.

आराखड्यात रस्ता कसा येतो

ग्रामीण जोडणीच्या नियोजनाला आजचे रूप प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने दिले. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या या योजनेने गाव बाजूला ठेवून वस्ती हे एकक धरले. वाडी, पाडा, तांडा, टोला अशी कायम ठिकाणी असलेली घरांची कोणतीही वसाहत म्हणजे वस्ती. 2001 च्या जनगणनेनुसार सपाट प्रदेशात 500 आणि डोंगरी व आदिवासी भागांत 250 लोकसंख्येच्या वस्तीला एक बारमाही रस्ता द्यावा, हे उद्दिष्ट ठरले. जोडलेल्या वस्तीपासून किंवा बारमाही रस्त्यापासून 500 मीटरच्या आत, डोंगरात दीड किलोमीटरच्या आत असलेली वस्ती जोडलेलीच समजली गेली. बारमाही याचा अर्थ पावसाळ्यातही वाहन जाऊ शकेल असा, त्यावर डांबर असलेच पाहिजे असे नाही.

या योजनेने प्रत्येक जिल्ह्याला ग्रामीण रस्त्यांचा आराखडा करायला लावला. अस्तित्वातील सर्व रस्ते नकाशावर घेऊन, प्रत्येक वस्तीला किमान एक जोडणी देण्यासाठी लागणारे कमीत कमी रस्ते त्यातून निवडले गेले. या निवडीला 'कोअर नेटवर्क' म्हणतात. त्यात दोन जाती असतात: अनेक वस्त्यांची रहदारी गोळा करून मोठ्या रस्त्याला नेणारे मुख्य मार्ग आणि एका-दोन वस्त्यांना त्या मार्गाशी जोडणारे जोडरस्ते. ही यादी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या मान्यतेने राज्याकडे जाते. प्राधान्य आधी मोठ्या, मग लहान वस्त्यांना दिले जाते. सुधारणेसाठी रस्ते निवडताना पृष्ठभागाच्या अवस्थेला गुण देतात.

पद्धतशीर असली तरी या रचनेला एक मर्यादा आहे. एका वस्तीला एक जोडणी मिळाली की सूत्राच्या दृष्टीने काम संपते. पण गावाच्या गरजा एका दिशेने नसतात. तालुक्याचे गाव एकीकडे, बाजार दुसरीकडे, साखर कारखाना तिसरीकडे आणि शिवार चारही बाजूंना असते. 2013 मध्ये आलेल्या दुसऱ्या आणि 2019 मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्याने ही उणीव काही अंशी भरली. तिसऱ्या टप्प्यात 1,25,000 किलोमीटर रस्त्यांची सुधारणा ठरली आणि निवडीत कृषी बाजार, उच्च माध्यमिक शाळा व रुग्णालये यांच्याकडे जाणाऱ्या मार्गांना महत्त्व मिळाले. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने चौथा टप्पा मंजूर केला: 2011 च्या जनगणनेवर आधारित 25,000 वस्त्या, 62,500 किलोमीटर रस्ते आणि 70,125 कोटी रुपये.

केंद्राच्या निकषांत न बसणाऱ्या रस्त्यांसाठी राज्याने 2015 मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली. तिचा भर अस्तित्वातील खराब रस्त्यांच्या सुधारणेवर आहे. दोन्ही योजनांची अंमलबजावणी महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेमार्फत होते. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या मालकीच्या रस्त्यावर काम मात्र वेगळी यंत्रणा करते, आणि हमीचा काळ संपल्यावर रस्ता पुन्हा जिल्हा परिषदेच्या पदरात येतो.

पैशाचे मार्ग

ग्रामीण रस्त्यांचा पैसा अनेक लेखाशीर्षांतून येतो आणि संबंधित माणसे योजनांना त्या आकड्यांनीच ओळखतात. 'तीस-चौपन्न' म्हणजे 3054, रस्ते व पुलांचा महसुली खर्च. 'पन्नास-चौपन्न' म्हणजे 5054, भांडवली खर्च. आणि 'पंचवीस-पंधरा' म्हणजे 2515, ग्रामविकास खात्याकडून गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी येणारा निधी. पहिल्या दोन शीर्षांखालचा जिल्हा पातळीवरील पैसा जिल्हा नियोजन समिती वाटते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, त्यामुळे कोणत्या तालुक्यात किती कामे हा प्रश्न तिथे राजकीय होतो. याशिवाय आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी आणि डोंगरी विकास कार्यक्रम आहेच.

जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असते. जमीन महसुलावरील उपकर आणि मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा वाटा हे त्याचे मुख्य झरे. 'सेस फंड' या नावाने ओळखला जाणारा हा पैसा सदस्यांना आपापल्या गटात थोडा थोडा वाटला जातो आणि पाच-पन्नास मीटरच्या कामांत विरून जातो. ग्रामपंचायतीचा आधार घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाचे अनुदान. चौदाव्या वित्त आयोगाने सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्या आयोगाच्या काळात राज्यात त्याची वाटणी ग्रामपंचायत 80, पंचायत समिती 10 आणि जिल्हा परिषद 10 टक्के अशी झाली. त्यातला साठ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील असल्याने रस्ते, दिवे, शाळा, अंगणवाडी यांना उरलेल्या अबंधित हिश्शात जागा शोधावी लागते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा पैसा सुरुवातीला पूर्णपणे केंद्राचा होता आणि डिझेलवरील उपकरातून येत असे. 2015-16 पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के असे प्रमाण झाले.

झरे इतके असल्याने रस्त्याचे तुकडे पडतात. एकाच तीन किलोमीटरच्या रस्त्याचा पहिला भाग आमदार निधीतून, मधला तीस-चौपन्नमधून आणि शेवटचा पंचवीस-पंधरामधून होतो. तीन वर्षांत, तीन ठेकेदारांकडून आणि तीन वेगळ्या जाडीचे काम झाले, की कच्च्या राहिलेल्या तुकड्यावरून सबंध रस्त्याची उपयुक्तता ठरते.

मंजुरीपासून देयकापर्यंत

काम यादीत आले की शाखा अभियंता जागेची पाहणी करून दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो. त्याला अधिकारानुसार उपअभियंता किंवा कार्यकारी अभियंता तांत्रिक मान्यता देतो. खर्च करण्याची मुभा देणारी प्रशासकीय मान्यता वेगळी असते. त्यानंतर निविदा निघते किंवा कामवाटप होते. लहान कामांचे वाटप खुले ठेकेदार, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यात साधारण एक-एक तृतीयांश असे करण्याची राज्यात प्रथा आहे. ठराविक मर्यादेपर्यंतची कामे ग्रामपंचायत स्वतः करू शकते.

कार्यारंभ आदेशानंतर कामाचे प्रत्येक माप मोजमाप पुस्तिकेत चढते. बोलीभाषेत तिला 'एमबी' म्हणतात. खडीच्या थराची जाडी, दबाईचे प्रमाण आणि डांबराचे तापमान यांच्या तपासण्या होणे अपेक्षित असते. थर एकदा झाकला गेला की त्याची जाडी खोदल्याशिवाय कळत नाही, म्हणून एमबीतील नोंद कामाच्या वेळी झाली की देयकाच्या वेळी, याला महत्त्व आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत गुणवत्तेची तपासणी तीन स्तरांवर होते: अंमलबजावणी करणारी यंत्रणा, राज्याचे निरीक्षक आणि केंद्राचे निरीक्षक. जिल्हा परिषदेच्या किरकोळ कामांना इतकी छाननी नसते. तिथे कामाच्या जागेवरचा माहिती फलक आणि गावकऱ्यांची नजर हीच तपासणी.

जमीन, पाणंद आणि शिवरस्ते

ग्रामीण रस्त्यांच्या योजनांत भूसंपादनासाठी सहसा पैसा नसतो. जमीन शेतकऱ्यांनी स्वखुशीने द्यावी, असे गृहीत धरलेले असते. आखणीच्या वेळी अभियंता, ग्रामसेवक, तलाठी आणि गावकरी यांनी सबंध मार्ग पायी फिरून कोणाची जमीन किती जाते हे पाहावे, अशी तरतूद प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आहे. संमतीपत्रे घेतली जातात, रस्ता होतो, पण सातबाऱ्यावरचे क्षेत्र पुष्कळदा तसेच राहते. कमी-जास्त पत्रक होऊन रस्त्याचे क्षेत्र वेगळे निघाले नाही, तर पुढच्या पिढीत वाटणी किंवा विक्री होताना वारस मोबदला मागतात किंवा रस्ता अडवतात. तोवर मूळ संमतीपत्र कुठल्या फायलीत आहे हे कोणाला ठाऊक नसते.

जुन्या वाटांचा पुरावा गावनकाशात असतो. गावाहून गावाला जाणारा ग्रामीण रस्ता नकाशावर अखंड दुहेरी रेषेने, गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. ही मापे 33 फुटी साखळीची आहेत: साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव. सरबांधावरून शेतात जाण्याच्या वाटा या नकाशात बहुधा नसतात.

अशा वाटांच्या वादासाठी दोन कायदे वापरले जातात. नवीन रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तो स्थळपाहणी करून शेतांच्या हद्दीवरून वाट देऊ शकतो. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली दाद मागावी लागते, आणि तीही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. चुकीच्या कलमाखाली केलेला अर्ज फेटाळला जाऊन दुसऱ्याची मुदत टळल्याची उदाहरणे तहसील कचेऱ्यांत नेहमी दिसतात.

यांत्रिकीकरणाने या वाटांचा प्रश्न तीव्र केला. बैलगाडी जाई त्या पाणंदीतून ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा ऊसतोडणी यंत्र जात नाही, आणि दोन्ही बाजूंनी बांध सरकत आल्याने पाणंदी तर आणखी अरुंद झाल्या आहेत. राज्याने 2018 मध्ये पालकमंत्री पाणंद रस्ते योजना आणि 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. दुसरी योजना रोजगार हमीच्या निधीशी जोडलेली होती. मजुरी आणि साहित्य यांचे 60:40 प्रमाण गावाच्या एकूण कामांत सांभाळायचे असल्याने, ज्या गावात मजुरीची कामे थोडी तिथे खडी-मुरुमाचा पैसा अडे. 2025 मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंदीचा देण्याचे आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याचे निर्देश दिले. वाद मिटवण्याच्या दृष्टीने यातली नोंदीची तरतूद अधिक टिकाऊ आहे.

माती, पाणी आणि भार

ग्रामीण रस्त्याची रचना साधी असते: दाबलेला भराव, मुरुमाचा थर, खडीकरणाचे दोन-तीन थर आणि वर पातळ डांबरी पृष्ठभाग. मानकांप्रमाणे सपाट प्रदेशात माथ्याची रुंदी साडेसात मीटर आणि त्यातील पक्का भाग पावणेचार मीटर असतो. रहदारी दिवसाला शंभर वाहनांपेक्षा कमी असेल तर तो तीन मीटरवर आणता येतो. उरलेली जागा साइडपट्ट्यांची.

मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या पट्ट्यातील काळी माती हा मोठा तांत्रिक अडसर आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिजल्यावर तिची भारवहनशक्ती दर्शवणारा सीबीआर 2 ते 4 टक्क्यांवर येतो. अशा मातीवर जाड मुरूम न घालता केलेले डांबरीकरण एक-दोन पावसाळ्यांतच लाटांसारखे वरखाली होते. कोकणात माती वेगळी आणि पाऊस अनेक पटींनी अधिक. तिथे बाजूचे गटार, संरक्षक भिंती आणि ओढ्यांवरचे साकव यांना रस्त्याइतकेच महत्त्व आहे, आणि म्हणून कोकणातल्या जिल्ह्यांत साकवांचा स्वतंत्र कार्यक्रम चालत आला आहे.

रस्ता खराब होण्याचे नेहमीचे कारण साचलेले पाणी. गावाजवळ घरांची जोती उंचावत जातात, गटार बुजते आणि सांडपाणी रस्त्यावर उतरते, डांबर पाण्यात टिकत नाही. म्हणून गावठाणातील लांबी काँक्रीटची करण्याची पद्धत पडली. मोरीचा खर्च वाचवण्यासाठी नळमोरीची संख्या कमी केली, तर शेतातले पाणी भरावाला अडते आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्ता कापून निघते.

दुसरे कारण भार. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी साधारण सोळा पट होते, असा अभियांत्रिकीतला ठोकताळा आहे. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या आणि नदीकाठच्या गावांत वाळूचे डंपर ज्या रस्त्यांवरून धावतात, ते रस्ते हलक्या रहदारीसाठी बांधलेले असतात. रहदारीची गणना हंगामाबाहेर झाली तर हा भार आराखड्यात दिसतच नाही.

देखभाल

पूर्वी ठराविक लांबीमागे मैलकुली आणि त्यांच्यावर मुकादम असे. साइडपट्टी भरणे, गटार मोकळे करणे, खड्डा लहान असतानाच बुजवणे आणि झुडपे तोडणे हे त्यांचे रोजचे काम. निवृत्त मैलकुलींच्या जागा भरणे थांबत गेले आणि देखभाल वर्षातून एकदा निविदा काढून करायचे काम बनले. परिणामी जूनमध्ये पडलेला वीतभर खड्डा डिसेंबरपर्यंत हातभर होतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने बांधकामाच्या करारातच ठेकेदाराकडे पाच वर्षांची देखभाल सोपवली, आणि 'ई-मार्ग' प्रणालीतून तिचे पैसे रस्त्याची स्थिती पाहून देण्याची पद्धत आणली. पाच वर्षांनंतर मात्र हा भार जिल्हा परिषदेवर येतो. नवी लांबी दरवर्षी वाढते, देखभालीची तरतूद तिच्या प्रमाणात वाढत नाही. उद्घाटन नव्या रस्त्याचे होते, बुजवलेल्या खड्ड्याचे होत नाही, हे त्यामागचे सरळ राजकीय कारण आहे. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात बांधकाम समित्याच नव्हत्या, त्यामुळे आराखड्यातील क्रम आणि दुरुस्तीची निकड यांवर लोकप्रतिनिधींची चर्चाही थांबली.

निष्कर्ष

पाऊण शतकाच्या या वाटचालीत जोडणीचा मूळ प्रश्न मोठ्या प्रमाणावर सुटला. सपाट प्रदेशातील बहुतेक मोठ्या वस्त्यांना बारमाही रस्ता मिळाला आहे, उरलेले काम डोंगरी पाडे, वाड्या आणि शिवारातील वाटांचे आहे. आजचा प्रश्न तीन ठिकाणी अडतो. जमीन गेली तरी नोंद बदलत नाही. निधी तुकड्यांत येतो, त्यामुळे रस्ता एका दमात होत नाही. आणि झालेला रस्ता राखायला माणूसही नाही, पैसाही नाही. यांपैकी पैशाचे दोन्ही प्रश्न राज्याने सोडवायचे आहेत: एका रस्त्याला एकच निधी आणि देखभालीसाठी लांबीच्या प्रमाणात बंधनकारक तरतूद. नोंदीचा प्रश्न मात्र गावाच्या आवाक्यातला आहे. नव्या रस्त्याचा ठराव करण्यापूर्वी ग्रामसभेने नमुना 23, गावनकाशा आणि जिल्हा आराखड्यातील आपल्या गावाची यादी समोर ठेवून ताडून पाहावी. तिन्हींत सारखा दिसणारा रस्ताच निधीच्या आणि न्यायालयाच्या कसोटीवर टिकतो.